स्काउट गाडी पहिल्या दोन मिनिटांतच उडते? आधी दिवा कधी लागतो ते बघा

वर्ल्ड ऑफ टँक्स या रणगाड्यांच्या ऑनलाइन खेळात लाइट टँक, म्हणजे शत्रू शोधून देणारी हलकी स्काउट गाडी, घेणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. क्लॅनमधल्या, म्हणजे आमच्या खेळगटातल्या, नव्या मंडळींचे रिप्ले (सामन्यांची रेकॉर्डिंग) माझ्याकडे येतात, त्यामुळे हा बिघाड आता तोंडपाठ झालाय. कारणं मोजकीच आहेत, पण लोक नेमकी सगळ्यात महागडी दुरुस्ती आधी करतात: नवी गाडी घेतात.

लक्षणं

यातली दोन-तीन जुळली तर पुढे वाचा.

- सामना सुरू होऊन दोन मिनिटं होत नाहीत तोच तुम्ही गॅरेजमध्ये परत. मारणारा एकदाही दिसलेला नसतो.
- झुडपात नीट लपलेले असता, एकच गोळी झाडता आणि तीन दिशांनी उत्तर येतं.
- सिक्स्थ सेन्सचा दिवा (शत्रूने तुम्हाला पाहिल्याची खूण) लागतो तेव्हा गाडीचा जीव आधीच निम्म्यावर आलेला असतो.
- शेवटपर्यंत जगता, पण निकालात तुमच्या स्पॉटिंगवर (तुम्ही शोधून दिलेल्या शत्रूंना इतरांनी मारून) झालेलं नुकसान जवळपास शून्य.
- पहिले एक-दोन सामने ठीक जातात, मग गाडी अडखळत, उड्या मारत चालते. वळवली की भलतीकडेच जाते.

शेवटचं लक्षण खेळाचं नाहीच, ते तुमच्या कॉम्प्युटरचं किंवा इंटरनेटचं आहे. त्याची तपासणी सगळ्यात सोपी, म्हणून तिथूनच सुरुवात. पण आधी दोन गोष्टी स्पष्ट करू या.

चिलखताचा विचार सोडा

"गाडी थोडी तिरकी लावली तर गोळी घसरेल ना?" हा प्रश्न हमखास येतो. नाही घसरणार. साध्या चिलखतभेदी गोळीचा व्यास समोरच्या पत्र्याच्या जाडीच्या तिपटीहून जास्त असेल, तर कोन काहीही असो, गोळी घसरतच नाही. १०५ मिमीची तोफ म्हणजे ३५ मिमीपेक्षा पातळ सगळं तिच्यासाठी कागद. स्काउट गाड्यांच्या बाजूचे आणि छताचे पत्रे बहुधा त्याहून पातळच असतात. वर हाय-एक्स्प्लोझिव्ह गोळी अशा पत्र्यातून आरपार गेली की पूर्ण नुकसान करते. म्हणजे 'मार कसा सोसायचा' हा प्रश्न इथे निकालात निघाला. उरतो तो 'दिसलो कसा' हा.

त्याचं उत्तर दिवा देतो. फक्त तो उशिरा लागतो: शत्रूने तुम्हाला पाहिल्यानंतर साधारण ३ सेकंदांनी. त्यामुळे दिवा लागला त्या क्षणी तुम्ही काय करत होतात याला काही अर्थ नाही, त्याच्या तीन सेकंद *आधी* काय करत होतात ते आठवायचं. गोळी झाडली होती? उघड्यावरून जात होतात? की काहीच न करता गप्प उभे होतात? पहिलं असेल तर तिसरी तपासणी, दुसरं असेल तर चौथी, तिसरं असेल तर पाचवी आणि सहावी. पहिल्या दोन सगळ्यांनीच कराव्यात, फुकट आहेत.

तपासणी १: पिंग आणि एफपीएस

सामन्यात डाव्या कोपऱ्यात वर हे दोन आकडे दिसतात: पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा वेळ, एफपीएस म्हणजे पडद्यावर सेकंदाला येणारी चित्रं. दोन-तीन सामने त्यांच्यावर नजर ठेवा. हेवी टँकवाल्याला थोडा लॅग (उशीर) चालून जातो, कारण तो दगडाआड उभा असतो. तुमचा सगळा खेळ वेळेवर बेतलेला आहे. कुठे दिसलात आणि कुठे नाही हे सर्व्हर ठरवतो, तुमचा पडदा नव्हे. तुमच्या पडद्यावर गाडी दगडामागे पोचलेली असते, सर्व्हरच्या हिशेबी ती अजून उघड्यावर असते.

पिंग मधेच उडी मारत असेल तर आधी वाय-फाय सोडून केबल लावा, मागे चाललेली डाउनलोड थांबवा, सर्व्हर बदलून बघा. एफपीएस सुरुवातीला चांगला आणि तिसऱ्या सामन्यापासून घसरत असेल तर कॉम्प्युटर तापतोय. हवेच्या जाळ्या साफ करा, लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका, गवत आणि सावल्यांची सेटिंग खाली आणा.

तपासणी २: मिनिमॅप

मिनिमॅप, म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा, डाकतिकिटाएवढा ठेवून स्काउट खेळणारे बघितले की मला खरंच कळत नाही, ही माणसं नक्की कशाच्या जोरावर पुढे जातात. तो मोठा करा. सेटिंगमध्ये जाऊन तिन्ही वर्तुळं चालू करा: तुमच्या गाडीची दृष्टी, ४४५ मीटरची कमाल मर्यादा आणि गाड्या पडद्यावर दिसण्याची ५६४ मीटरची हद्द. शत्रू शेवटचा कुठे दिसला होता ती खूणही चालू असू द्या.

वर्तुळं यासाठी, की ४४५ मीटरपलीकडचं तुम्हाला कधीच सापडणार नाही, कितीही उपकरणं लावा. त्या अंतराच्या बाहेर झुडपात बसून वाट बघणं म्हणजे सामना वाया घालवणं. आणि ५६४ ची हद्द तुमच्यापेक्षा तुमच्या मागच्यांसाठी महत्त्वाची. तुम्ही शत्रू उजेडात आणलात, पण तुमच्या बाजूची टँक डिस्ट्रॉयर (मागून लांबून मारणारी गाडी) त्याच्यापासून ५६४ मीटरहून लांब उभी असेल, तर तिला तो मिनिमॅपवर दिसेल, तोफेतून नाही. स्पॉटिंगचे आकडे शून्य येण्याचं निम्मं कारण हेच असतं. शत्रू दिसत असतो, पण मारण्याच्या टप्प्यात आपलं कोणी नसतं.

तपासणी ३: ट्रिगरवरचं बोट

सगळ्यात जास्त गाड्या इथे जातात, म्हणून इथे जरा थांबू.

तुम्ही किती अंतरावरून दिसाल याचं गणित सरळ आहे. शत्रूच्या दृष्टीच्या अंतरातून ५० वजा करा, उरलेल्याला तुमच्या कॅमोच्या (लपण्याच्या क्षमतेच्या) टक्क्याने गुणा आणि तो आकडा शत्रूच्या दृष्टीतून वजा करा. उदाहरण घेऊ. शत्रूची दृष्टी ४४५ मीटर. तुमच्या गाडीचा स्वतःचा कॅमो ४० टक्के धरू, आणि समोरच्या दाट झुडपाचे ५० टक्के. एकूण ९०. मग ३९५ चे ९० टक्के म्हणजे सुमारे ३५५, ते ४४५ मधून गेले की उरले ९० मीटर. शत्रू ९० मीटरवर येईपर्यंत त्याला तुम्ही दिसत नाही. शंभर मीटरवरून तो तुमच्यासमोरून जाईल आणि त्याला पत्ता लागणार नाही.

आता त्याच झुडपातून गोळी झाडा. गाडीपासून १५ मीटरच्या आतली झुडपं गोळी सुटताच जवळपास निकामी होतात, त्यातल्या सगळ्यात दाट झुडपाचे फार तर ३० टक्के हाती उरतात. गाडीचा स्वतःचा कॅमोही तोफेच्या व्यासानुसार कोसळतो, तो १० वर आला असं धरू. एकूण झाले ४०. तेच गणित पुन्हा करा: आता तुम्ही २८७ मीटरवरून दिसता. एका क्षणापूर्वी ९०, आता २८७. या दोन आकड्यांमध्ये जेवढ्या शत्रूच्या गाड्या उभ्या आहेत त्या सगळ्यांच्या तोफा तुमच्याकडे वळतात. "एकच तर गोळी मारली" म्हणणाऱ्यांचं उत्तर हे आहे.

मोठ्या तोफांच्या गाड्यांना हे जास्त महागात पडतं. शेरिडन या लाइट टँकला १५२ मिमीची तोफ बसवता येते आणि ती बसवली की हात शिवशिवतात, समजू शकतो. पण तोफ जितकी मोठी, तितका गोळी झाडल्यावर कॅमो जास्त उतरतो.

मग गोळी मारायचीच नाही का? मारायची, पण मागे सरकून. झुडपाजवळ असताना ते तुम्हाला पारदर्शक दिसतं, म्हणजे तुम्ही १५ मीटरच्या आत आहात. हळूहळू मागे या. एका जागी झुडूप पुन्हा भरीव हिरवं होतं. तिथून झाडलेल्या गोळीने ते झुडूप निकामी होत नाही. यात एक अडचण आहे: त्या जागेवरून झुडूप तुमचीही नजर अडवतं, त्यामुळे शत्रूला तुम्ही स्वतः उजेडात ठेवू शकत नाही. मात्र एकदा दिसलेली गाडी नजरेआड झाल्यावरही पाच ते दहा सेकंद उजेडात राहते. तेवढ्यात मागे सरकून एक गोळी बसते. किंवा दुसरं कोणी स्पॉट करत असेल तर निवांत मारा.

सामन्याच्या पहिल्या अर्ध्यात स्काउटने तोफ विसरावी, हे माझं मत. शत्रूच्या पाच-सहा गाड्या पडल्या की खुशाल वापरा. तेव्हा बघणारे डोळेच कमी झालेले असतात.

तपासणी ४: रस्ता

लाइट टँकचा कॅमो चालताना आणि उभं असताना सारखाच असतो. ही सवलत इतर वर्गांच्या गाड्यांना नाही. म्हणून धावत स्पॉट करणं जमतं, पण त्याचे नियम आहेत.

पहिला: ५० मीटरच्या आत कोणताही कॅमो चालत नाही. भिंत असो, टेकडी असो, दगड असो, ५० मीटरवर आलेली गाडी दिसणारच, तुम्हालाही आणि त्यालाही. शहरी नकाशात कोपऱ्यावरून डोकावणारे स्काउट असेच मरतात.

दुसरा: खेळ प्रत्येक क्षणी दृष्टी तपासत नाही. ५० मीटरच्या आत सेकंदाच्या दहाव्या भागाला, १५० पर्यंत अर्ध्या सेकंदाला, २७० पर्यंत दर सेकंदाला आणि त्यापुढे दर दोन सेकंदांनी. म्हणजे दोन दगडांमधली मोकळी फट ३०० मीटरवरच्या शत्रूसमोरून दीड सेकंदात ओलांडली तर न दिसण्याची चांगली शक्यता आहे. तीच फट रेंगाळत, मधे थांबून ओलांडली तर नाही. थांबायचं ते आडोशाला, उघड्यावर कधीच नाही.

तिसरा नियम लोकांच्या लक्षातच येत नाही. झाडं पाडू नका. पडणारं झाड शत्रूलाही दिसतं, आणि अनुभवी आर्टीवाला (लांबून तोफखाना चालवणारा) त्या रेषेवर गोळा टाकून मोकळा होतो.

टेकडीवरून बघायचं असेल तर फक्त टरेटचा (वरच्या फिरत्या बुरुजाचा) माथा वर येईल एवढंच चढा. तुमची नजर टरेटच्या माथ्यावरच्या आणि तोफेच्या बुडाच्या बिंदूंवरून निघते. शत्रूला मात्र तुमच्या गाडीवरच्या सहा बिंदूंपैकी एखादा दिसला तरी पुरतो. अख्खी गाडी माथ्यावर नेलीत तर त्याला सहाच्या सहा बहाल केलेत.

आणि दिवा लागला की? निघायचं. बघत बसायचं नाही की कोण आहे. आडोशाला जाऊन दहा-एक सेकंद थांबायचं, आणि परत त्याच झुडपात यायचं नाही.

तपासणी ५: उपकरणं

इथून चांदी (खेळातला पैसा) खर्च होते, म्हणून वरचं सगळं आधी. दिवा गप्प उभं असताना लागत असेल तरच इथे शोधा.

ठरवायचं एकच: तुम्ही बसून बघता की धावत? दुर्बीण दृष्टी २५ टक्क्यांनी वाढवते, पण गाडी तीन सेकंद जागची हलली नाही तरच. कोटेड ऑप्टिक्स १० टक्केच वाढवते, पण कायम. मूळ दृष्टी ३९० असेल तर ऑप्टिक्सने ४२९, दुर्बिणीने ४८७. हे ४८७ म्हणजे ४४५ च्या वर गेलं, मग वाया गेलं का? नाही. समोरच्याचा कॅमो कापायला वरचा भाग कामी येतो, कारण गणित पूर्ण ४८७ धरून होतं आणि मर्यादा शेवटी लागते. समोरही लाइट टँक असेल तर हाच फरक कोण आधी दिसणार ते ठरवतो.

कॅमो नेटलाही तीच तीन सेकंदांची अट आहे. टरेट फिरवलेलं चालतं, हल (गाडीचा खालचा सांगाडा) वळवला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सतत धावणाऱ्याने दुर्बीण आणि नेट दोन्ही लावलेले रिप्ले माझ्याकडे येतात. तीन जागांपैकी दोन रिकाम्या ठेवल्यासारखंच ते. उपकरण काढायला खेळातलं सोनं किंवा डिमाउंटिंग किट लागतं, म्हणून आधी ठरवा, मग बसवा. रंगाचा कॅमोही थोडा उपयोगी पडतो, लावून टाका.

तपासणी ६: क्रू

याला पैसे कमी आणि वेळ जास्त लागतो. कॅमोचं कौशल्य पूर्ण क्रूच्या सरासरीवर चालतं, त्यामुळे एकट्या कमांडरला शिकवून फार काही होत नाही, सगळ्यांनाच द्या. त्यानंतर दृष्टी वाढवणारी कौशल्यं. सामन्यात कमांडर जखमी झाला किंवा दृष्टीची यंत्रणा बिघडली तर तुमची नजर कमी होते, म्हणून मेडकिट आणि रिपेअर किट हे दोन्ही असल्याशिवाय स्काउट बाहेर काढू नये. इंजिनाला आग लागण्याच्या भीतीने आग विझवायचं किटही घ्यायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

तपासणी ७: गाडी

आता कुठे गाडीकडे. चाकांच्या फ्रेंच गाड्या, म्हणजे २०१९ मध्ये आलेली पानार ईबीआरची मालिका, भन्नाट पळतात, पण त्यांची दृष्टी तोकडी असते. बसून बघणाऱ्याच्या त्या कामाच्या नाहीत. त्या जागच्या जागी वळतही नाहीत, त्यामुळे थांबलात की अडकलात. ज्यांना झुडपात धीर धरवत नाही त्यांनी त्या घ्याव्यात. बाकीच्यांनी आधी साध्या, पट्ट्यांच्या लाइट टँकवर हात बसवावा. दहाव्या श्रेणीची गाडी घेतली की सगळं सुटेल असं वाटणाऱ्यांना एवढंच सांगतो, समोरही दहाव्या श्रेणीच्या गाड्या असतात आणि त्यांची दृष्टीही मोठी असते.

तपासणी ८: नकाशाची जाण

सगळ्यात अवघड, कारण ही विकत मिळत नाही. प्रोखोरोव्का या नकाशाच्या मधल्या उंचवट्यावरची झुडपं किंवा मलिनोव्काचं मोकळं शेत म्हणजे स्काउटचं राज्य. हिमेल्सडॉर्फच्या गल्ल्यांमध्ये तेच करायला गेलात तर पहिल्या चौकात संपाल. तिथे सुरुवातीला मागे राहायचं, शत्रूच्या हेवी टँका कोणत्या गल्लीत गेल्या ते एकदा बघून यायचं आणि उरलेल्या बाजूने शेवटच्या पाच मिनिटांत घुसायचं.

रिप्ले सेव्ह करायची सेटिंग चालू ठेवा. हरलेल्या सामन्याचा रिप्ले बघताना एकच पाहायचं: दिवा कुठे लागला. नकाशाचं चित्र घेऊन त्यावर ठिपके मारत जा. ठिपके एकाच भागात जमायला लागले की तिथला रस्ता बदला. कोणत्या झुडपात बसायचं याच्या तयार याद्या मिळतात, पण त्या शत्रूनेही वाचलेल्या असतात. प्रसिद्ध झुडपात कोणी दिसो न दिसो, आंधळी गोळी येतेच.

कुठे थांबायचं

तिसरी आणि चौथी तपासणी मनापासून करूनही गाडी तशीच मरत असेल, तर एकट्याने आणखी सामने खेळून सुधारणा होत नाही, वैताग तेवढा वाढतो. चांगल्या स्काउट खेळाडूबरोबर प्लाटून करा (एकाच संघात जोडीने खेळा) किंवा त्याला एक रिप्ले द्या. जिंकलेला नको, नेहमीसारखा हरलेलाच द्या. मात्र पैसे घेऊन तुमच्या खात्यावरून खेळून देणाऱ्याला पासवर्ड देऊ नका, आणि लपलेले शत्रू दाखवणाऱ्या मॉडच्या (खेळात बदल करणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रामच्या) नादी लागू नका. दोन्हींत खाते बंद होऊ शकतं.

केबल लावूनही, राउटर बंद-चालू करूनही पिंग उड्या मारत असेल तर सेटिंगशी खेळणं सोडा आणि इंटरनेट देणाऱ्यांना कळवा. कोणत्या वेळी होतं ते लिहून ठेवा, नाहीतर "आता तर ठीक दिसतंय" असंच उत्तर येतं. दुसऱ्या खेळांमध्ये पिंग ठीक आणि फक्त इथेच बिघडत असेल तर खेळाच्या मदत विभागाकडे तक्रार टाका, सोबत वेळ, सर्व्हरचं नाव आणि रिप्लेची फाइल जोडा.

खेळता खेळता कॉम्प्युटर आपोआप बंद पडत असेल, किंवा जळका वास येत असेल, तर लगेच प्लग काढा आणि तंत्रज्ञाला बोलवा. धूळ झटकण्यापुरतं झाकण उघडायला हरकत नाही, पण पॉवर सप्लायचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका बसण्याइतका चार्ज उरलेला असू शकतो. आणि मनगट दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर माउसची सेन्सिटिव्हिटी बदलत बसण्यापेक्षा खेळ थांबवा. दोन-चार दिवसांच्या विश्रांतीनेही उतरलं नाही तर डॉक्टरकडे जा.